घडीव की ओतीव

जुन्या मोटारी जीव लावून सांभाळणाऱ्या चेन्नईतल्या माझ्या मित्रांनो, आणि माझ्या घरच्यांनो, आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. बाजाराने आपल्याला फसवलं आहे. काल ओतलेला सुटा भाग मिठाच्या पाण्यात बुडवून, वर गंज चढवून, "ओरिजिनल, सार" म्हणत आपल्या हातात ठेवला आहे, आणि आपण तो कपाळाला लावून घरी आणला आहे. आजवर यात आपली फक्त फजिती झाली. आता माणूस जाण्याची वेळ आली आहे.

मी, उमाकांत गुंडो मिरजकर, राहणार पेरंबूर. अंबत्तूरच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंडी सामान तपासलं आणि त्याच कारखान्याच्या फाटकावर आयुष्यभर भाषणं केली. अर्धांगवायूने माझा उजवा हात गेला आहे. डोकं शाबूत आहे, जीभ तर आहेच. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. भीतीखाली करतो आहे, पण ती भीती माझी स्वतःची आहे.

लिहून घेते आहे माझी मुलगी कौमुदी. शेजारचे वकील गुरुमूर्ती म्हणाले, "वारसाच्या अक्षरातल्या मृत्युपत्रावर कोर्ट संशय घेईल, सार." घेऊ दे. संशय घ्या, एवढंच तर मी सांगतो आहे.

एक. पेरंबूरचं घर पत्नी मीनाक्षी हिचं, तिच्या हयातीपर्यंत. नंतर कौमुदीचं. मीनाक्षी तंजावरच्या मराठी घरातली. लग्नात तिच्या माहेरच्यांना माझी मराठी कळेना, मला त्यांची. भांडण मात्र दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून कळलं. आत्ताही ती स्वयंपाकघरातून ओरडते आहे, "पोदुम! पुरे! सभा आहे का ही? आधी गोळी घ्या." हेही लिही, कौमुदी.

दोन. बँकेत जे असेल ते दोघींनी निम्मंनिम्मं घ्यावं. पुस्तकं कामगार संघाच्या वाचनालयाला द्यावीत. कपाटाला कुलूप लावू नये. पुस्तक चोरीला गेलं तर निदान एकाने तरी ते वाचलं असं धरावं.

तीन. १९३६ सालची ऑस्टिन टेन आणि माझी सगळी हत्यारं कौमुदीला. कुन्नूरच्या एका चहामळ्यात ही गाडी कोंबड्यांचं खुराडं झाली होती. तिला उभं करताना मी मुलीला एकच धडा पुन्हापुन्हा दिला: वस्तू कशी दिसते ते नंतर पाहा, आधी ती केली कशी ते पाहा. डॅशबोर्डवर फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला की समजावं, मागाहून कोणाचा तरी हात लागला आहे; त्या काळी तिथे आडव्या खाचेचाच असायचा. ती हे माझ्यापेक्षा लवकर ओळखायला लागली. त्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटले होते.

गाडीला मूळचा ड्रॉप आर्म नव्हता. म्हणजे स्टिअरिंगच्या पेटीतून खाली लोंबणारा वीतभर दांडा. सुकाणू फिरवलं की हाच चाकांना वळवतो. मीनाक्षीचा भाऊ एकोजी जुन्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. त्याने एक आणून दिला. तोच आकार, तोच नंबर. मी बोट फिरवलं आणि ओळखलं. कडेची शिवण केसासारखी बारीक, गंजाखाली अंगभर वाळूचे वण. ओतीव नक्कल. खरा दांडा ठोकून घडवलेला असतो, त्याची शिवण रुंद असते, घासून काढलेली. पुढे तो खराही त्याच मळ्याच्या गोदामात मिळाला. नकली दांड्याला मी लाल चिंधी बांधून ठेवली.

मग मी आजारी पडलो आणि आयुधपूजा आली.

हे शहर आयुधपूजेला आपली आयुधं लख्ख करतं. त्यात वाईट काय? मायलेकींनी माझ्या गैरहजेरीत माझ्याच प्रेमापोटी सगळं सामान तारेच्या ब्रशने घासलं. एकोजीने ग्राइंडर फिरवून शिवणी गुळगुळीत केल्या. वर काळा रंग, रंगावर चंदन-कुंकू. चिंधी मळकी म्हणून फेकली. दोन दांडे जुळ्या भावांसारखे देवीपुढे बसले. दुसऱ्या दिवशी एकोजीने त्यातला "चांगला दिसणारा" गाडीला बसवला.

कोणता बसवला, ते कोणालाही माहीत नाही.

मी दवाखान्यातून आल्यापासून हेच ओरडतो आहे. एकोजी म्हणतो, "भाऊजी, दोन्ही सारखेच. रॅलीतल्या परीक्षकालासुद्धा कळणार नाही." परीक्षकाला कळणार नाही रे, खड्ड्याला कळेल! कौमुदी म्हणते, "अप्पा, आता तो उतरवला तर रंग खरवडेल. रविवारी महाबलीपुरमला जुन्या गाड्यांची रॅली आहे. तुम्ही आजारपणाने घाबरट झालात."

झालो आहे. फाटकावर लाठ्या पडल्या तेव्हा ज्याची जीभ अडखळली नाही, त्याला आता चहाचा कप धरवत नाही. डोळे मिटले की महाबलीपुरमचा रस्ता दिसतो. सुकाणूवर कौमुदी, शेजारी नऊवारी नेसून तिची आई, समोरून बस. कौमुदी सुकाणू फिरवते. ते हलकं होऊन फिरत राहतं, आणि गाडी सरळ जाते.

हे मी मनाने रचलेलं नाही. कारखान्यातला माझा सोबती राणोजी तांबरमच्या वळणावर असाच गेला. त्याच्या जीपला कोणीतरी स्वस्तातला दांडा बसवला होता. सुकाणू त्याच्या हातात होतं. त्या दांड्याचे दोन तुकडे मला तपासायला आणून दिले. तुटलेल्या तोंडावर रव्यासारखे दाणे होते, ओतीव लोखंडाचे.

कौमुदीचं पेन थांबलं आहे. "अप्पा, राणोजीकाकांचं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत." तुझे काका होते ते. तुला काय सांगणार होतो? लिही.

चार. दोन दांड्यांपैकी जो ओतीव ठरेल तो घणाने फोडावा आणि दोन्ही तुकडे माझ्याकडून एकोजीला द्यावेत. त्याने ते दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली ठेवावेत. त्याच्यावर माझा दुसरा राग नाही. आमच्या लग्नातल्या पंक्तीत त्याने मला मुद्दाम तिखट वाढलं होतं, तेही आज माफ.

पाच. तोवर भोगीच्या साफसफाईत मीनाक्षीने दुसरा दांडा भंगारवाल्याला देऊ नये.

सहा. तिसऱ्या कलमाची अट अशी. बसवलेला दांडा उतरवून तपासल्याशिवाय गाडी कोणाचीही होणार नाही. गुरुमूर्ती म्हणतात, "मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं, सार. तुम्ही जिवंत असताना ही अट कोणाला बांधत नाही." बरोबर आहे. कायदा माझ्या मरणाची वाट बघेल. रविवार बघणार नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी घरात न करता गाडीच्या बॉनेटसमोर करतो आहे, आणि साक्षीदारांना इथेच खुर्च्या दिल्या आहेत.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. माझंच बोलणं आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत डाव्या हाताचा अंगठा उठवला, आणि त्यांनी माझ्या देखत सह्या केल्या.

उमाकांत गुंडो मिरजकर (डावा अंगठा)

साक्षीदार: गुरुमूर्ती, वकील, शेजारी
साक्षीदार: सुष्मिता जनकोजी शिंदे, बँकेत नोकरी, राहणार अड्यार

पेरंबूर, चेन्नई. शुक्रवार, ११ जानेवारी २००८

अंगठ्याखाली जागा उरली आहे, तिथे एवढं लिही आणि पेन ठेव. कौमुदी, इंची पाना घे, गाडीखाली जा आणि तो दांडा आत्ता उतरव. दोरीला टांगून त्यावर हातोडी मार. घडीव असला तर खणखणेल, ओतीव असला तर बद्द वाजेल. आम्ही सगळे गप्प बसून ऐकतो. मार.