तीन नंबरचा खण

मंगळवार, ८ ऑक्टोबर

नेत्र रुग्णालयाचं डिस्कचं कपाट बसलं. अकरा वर्षांचे डोळ्यांचे फोटो त्यात — हजारो माणसांचे. आज एकही उघडत नाही.

सकाळी साडेदहाला तिथून फोन आला तेव्हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जिन्यात उभी होते, हातात पेचकस. एक डिस्क मेल्याची सूचना आली होती, तीन नंबरच्या खणातली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. कपाटात आठ डिस्क असतात, एक गेली तर उरलेल्या सात तिचं काम वाटून घेतात. दोन गेल्या तर मात्र सगळा कारभार आटोपला. खणांवरचे दिवे दोन वर्षांपूर्वीच विझलेत, तेव्हा खण मोजण्यावरच भिस्त. किल्ली रुग्णालयाचं भांडार सांभाळणाऱ्या भांडारकाकांकडे असते, साठीला टेकलेले आहेत. फोनवरच त्यांना म्हटलं, "काका, तीन नंबरची काढा आणि नवी घाला. बाकी कशाला हात लावू नका."

त्यांनी दोन नंबरची काढली. धडधाकट चालणारी!

मग अधीक्षकांनी घाबरून वीज चारदा बंद-चालू करायला लावली. कंट्रोलर कार्ड — आठही डिस्कना एका दावणीला बांधणारं — आधीच म्हातारं होतं. चौथ्यांदा ते उठलंच नाही.

आणि गुरुवारी ताईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, "मागचे फोटो समोर नसतील तर मी पडद्याला हात लावणार नाही. आणि फार थांबलो तर आहे ती नजरही जाईल."

ताईला सांगितलं. ती हसली. "डोळा माझ्याच तोंडावर आहे, पळून कुठे जातोय?" पण चहा ओतताना अर्धा बशीत गेला, आणि तिला ते दिसलं नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर आलं — हे कार्ड आता बनत नाही, नवं कपाट घ्या. नव्या कपाटात जुने फोटो कुठून येणार, ते लिहिलेलं नाही.

पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. नऊ वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या गिरणीच्या कपाटातून मी हेच कार्ड काढून आणलं होतं. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलं होतं.

ताई दारातून बघत होती. "त्या डब्याला जपतेस तेवढं नवऱ्याला जपलं असतंस तर टिकला असता."

"नवऱ्याचे सुटे भाग मिळत नाहीत, ताई."

किती दिवसांनी दोघी पोट धरून हसलो.

अकराला रुग्णालयात. दोन नंबरची डिस्क परत तिच्या खणात सरकवली, कार्ड बसवलं. पहिल्यांदा संगणकाचा पडदा काळाच. काढलं, टोकं खोडरबराने पुसली, पुन्हा बसवलं — आणि एकेक करत आठही डिस्कनी हजेरी लावली, मेलेलीनेही अर्धवट! आपण कोण, कुणाच्या शेजारी बसायचं, हे प्रत्येक डिस्क स्वतःजवळ लिहून ठेवते. माणसांनाही अशी सोय हवी होती.

मग अवघड जागा. कार्डाला पटवायचं की दोन नंबरची मेलेली नाही, चुकून बाहेर आली होती. आणि खरोखर मेलेल्या तीन नंबरच्या डिस्कला मात्र आत घ्यायचं नाही. इथे गफलत झाली तर अकरा वर्षांची खिचडी, आणि ती कुणालाही निवडता येणार नाही. उठले, हात धुतले, पुसले, परत येऊन बसले. नंबर मोठ्याने वाचला. कळ दाबली.

उघडलं. पहिला फोटो कुणा अनोळखी बाईचा — केशरी गोल, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या नसा. इतकं सुंदर काही मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

थोडी लबाडी केली. बाकीच्यांच्या आधी ताईचे फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग सगळ्यांचे. आणि नंतरच तीन नंबरच्या खणात नवी डिस्क घातली. ती भरायला आता एकोणीस तास.

अधीक्षक खूश. पण भांडारकाकांना माझ्यासमोरच बोलले, "तीनपर्यंत मोजता येत नाही तुम्हाला?" काका किल्ली शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मला वाईट वाटलं. मी मध्ये पडले, "जाऊ द्या साहेब, शेजारची ओढली गेली. होतं असं घाईत."

गुरुवार, १० ऑक्टोबर

शंभर टक्के. आठही जिवंत. ताईला सव्वानऊला आत नेलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पट्टी काढली. ताईने आधी खिडकी पाहिली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग मला. बराच वेळ.

"केस किती पिकलेत गं तुझे. आणि मला कुणी सांगितलं नाही."

मी रडले. ती म्हणाली, "रडून डोळा ओला करायचा नाही असं मला सांगितलंय. तू कशाला करतेस?"

दुपारी रुग्णालयाच्या सभेत मला बोलावलं होतं. डॉक्टरीणबाई उभ्या राहून म्हणाल्या की गेल्या दोन दिवसांत एकवीस शस्त्रक्रिया झाल्या, त्या या बाईंमुळे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली खरी, पण मनातून नाचत होते. कशाला खोटं लिहू? वीस वर्षं मी लोकांच्या मागच्या खोल्यांत, पंख्यांच्या घरघरीत, पाठ वाकवून काम केलं. "मशीन बघायला आलेल्या बाई" एवढंच माझं नाव. आज पहिल्यांदा पुढच्या खोलीत उभी होते.

भांडारकाका दिसले नाहीत. विचारलं तर कळलं, किल्ली काढून घेतली. धुलाईच्या कपड्यांच्या कामावर टाकलंय, आणि नोकरीच्या पुस्तकात शेराही लिहिला जाणार आहे. फार वाईट वाटलं. पण चूक मोठी होती, हेही खरं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून सोमवारी जाऊन खणांवर ठळक नंबर चिकटवून येईन.

सोमवार, १४ ऑक्टोबर

पहिल्या खणावर ० चिकटवलं. दुसऱ्यावर १. काका चादरींचा गठ्ठा घेऊन चालले होते, दारात थांबले. गठ्ठ्यावरच्या बोटांनी हळूच मोजलं.

"बाई, तुमच्यात शून्यापासून मोजतात होय?"

राग नव्हता. नवीन काही कळल्यासारखं म्हणाले, आणि गेले.

कार्ड शून्यापासून मोजतं. मीही, वीस वर्षं. आमचा तीन म्हणजे चौथा खण. त्यांनी माणसासारखं मोजलं — एक, दोन, तीन — आणि मी सांगितली तीच काढली.

अधीक्षकांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. आत बैठक चालू आहे. काकांच्या शेऱ्याबद्दल बोलायचं आहे, म्हणून माझं नाव आत दिलं आहे.