मंडईतली दुसरी खुर्ची

१० नोव्हेंबर २०१८, सानगडी
सून रक्षा गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईत, परफॉर्मन्स करणार आहे. नागपूरला आर्ट कॉलेजात शिकली. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ सुरू होण्याआधी चौकात दोन खुर्च्या मांडायच्या. एकीवर ती बसणार आणि मोठ्याने हसणार. बस्स. दुसरी खुर्ची माझी. मुलगा नीलेश म्हणाला, आई, गाव काय म्हणन? मी म्हटले, मी अठ्ठ्याहत्तर सालची ग्रॅज्युएट आहे. हसेन. त्यात कठीण काय?

११ नोव्हेंबर
दंडारीत बाईचे सोंग घेणारा डोमा साडी मागायला आला. दर वर्षी माझीच नेतो. बाई होऊन पाय पसरून बसतो, खदाखदा हसतो, लोक शिट्ट्या मारतात. रक्षा म्हणाली, डोमाभाऊ, तुमी बाई होऊन हासता त चालते, मी बाई असून हासली त काहून नाही? तो म्हणाला, वहिनी, मी घरी जाऊन लुगडं सोडतो. तुमाले जमन का? उद्धट. साडी दिली. जुनी.

१२ नोव्हेंबर, दुपार
आरशासमोर प्रॅक्टिस. हसायला तोंड उघडले आणि आतल्या खोलीत कोणी खाकरले. ती खोली सासूबाईंची. कौशल्याबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली. त्या कधी रागावल्या नाहीत, हे मान्य करावे लागेल. नुसत्या खाकरायच्या. एकदा खाकरल्या की डोक्यावर पदर. पुन्हा खाकरल्या की हसणे बंद, बाई आत.
उंदीर असावेत.

१३ नोव्हेंबर
खोलीत धानाची पोती रचून घेतली. कुलूप लावले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी प्रॅक्टिस विहिरीजवळ केली. तिथेही तेच. थंडीत आवाज लांब जातो.
हसू अजून आलेले नाही. उद्या प्रेक्षक समोर असले की येईल.
रक्षाला सहज विचारले, घरात कोणी खाकरल्याचे तुला ऐकू येते का? माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, येते न, आई. रोजच येते. बरे वाटले. म्हणजे मला भास होत नाही.

१४ नोव्हेंबर, मंडई
चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. रक्षा उघड्या डोक्याने खुर्चीवर बसली. मी शेजारी, ताठ. ती आधी हळू हसली, मग पार पोटातून. बायकाही पदराआड हसू लागल्या. शेजारच्या रत्नाबाई ओरडल्या, हास वं पोरी, हास! सगळे छान चालले होते. आता माझी पाळी. मी तोंड उघडले.
सासूबाई खाकरल्या. भर चौकात, अगदी कानाशी.
रक्षा गप्प झाली. तिचा हात आपोआप पदराकडे गेला. मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. पुढे पाहिले तर सगळे माझ्याकडेच पाहत होते. डोमा, माझ्याच साडीत, म्हणाला, काकू, कायले खाकरून राहिल्या? हासू द्या न तिले.

१५ नोव्हेंबर, सकाळ
घशाचा विकार दिसतो. भंडाऱ्याला डॉक्टरकडे जाणार. खोली उघडून पाहिली. पोतीच आहेत. मन शांत आहे.
स्वयंपाकघरात रक्षा फोनवर मैत्रिणीशी मोठ्याने हसत होती. माझ्या घरात सून अशी हसते, याचा अभिमान वाटला. तसे तिला सांगावे म्हणून निघाले. दाराशी माझी चप्पल वाजली आणि हसणे थांबले.
मी अजून खाकरलेही नव्हते.