विहिरीखालचं उकळतं पाणी

वडूज, ५ डिसेंबर १९४३

विहिरीच्या तळाला डबकंच उरलंय. आणखी तीन हात खोल गेली की भरपूर पाणी. ज्योतिबा सुरुंगवाला म्हणतो, तीन दिवसांचं काम. शाळू माना टाकतोय. आज तळातून दगड निघाला. काळा, अंगात पांढरे खडे, कडेला हिरवा पापुद्रा. हिरवं म्हणजे तांबं! लढाईमुळे सरकार तांब्यासाठी वखवखलंय. बनुबाईला म्हटलं, खाणमालकाची बायको होणार तू. ती म्हणाली, आदी पानी काडा.

६ डिसेंबर

पलटणीत क्लार्क होतो तेव्हा रद्दीतून वाचवलेलं भूगर्भाचं पुस्तक काढलं. अगदी असाच खडेदार दगड. पोर्फिरी! वितळलेला खडक खालून वर चढतो, वाटेत अडकतो, सावकाश गोठतो. त्यातून उकळतं खारं पाणी सुटतं. ते वरचा खडक फोडतं आणि भेगाभेगांत तांबं न् मॉलिब्डेनम ठेवून जातं. मॉलिब्डेनमने तोफेचं पोलाद कणखर होतं. उत्तम.

मग विचार आला. ते पाणी आत्ता कुठे आहे?

७ डिसेंबर, सकाळी ६.३०

विहिरीतून वाफ! स्वतः पाहिली. दहा पावलं मागे आलो, थंडीमुळे. काम बंद केलं. आणखी एक सुरुंग, की सगळं वडूज आकाशात. ज्योतिबा हसला. आवं नानासो, थंडीत समद्याच हिरी वाफारत्यात. अडाणी माणूस. पुस्तक वाचलेलं नाही.

९ डिसेंबर

भीती मुळीच नाही. फक्त अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं. जेवताना पाट गरम लागला. आधी त्यावर मांजर बसलं होतं, असं बनुबाईचं म्हणणं.

११ डिसेंबर

शाळूची पानं वळली. पीक गेलं तर वर्षभर खायचं काय, एवढंच ती बोलली. उद्या स्वतः तळाशी उतरून खात्री करणार. ठरलं.

१२ डिसेंबर

चार पायऱ्या उतरलो. खालून बुडबुडा आला. वर आलो. बेडूक होता म्हणे.

सांगली, १३ डिसेंबर

दगड कॉलेजातल्या एका सरांना दाखवला. म्हणाले, हा जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा दगड, कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला. हिरवं ते तांबं नव्हे. पांढरे खडे दिसले म्हणून तांबं असतंच असं नाही. विहिरीचं पाणी थंडीतल्या हवेपेक्षा उबदार, म्हणून वाफ. सगळं पटलं. पण सरांचं घर आमच्या विहिरीजवळ नाही. माधवनगरला बहिणीकडे चार दिवस राहतो. विश्रांतीसाठी.

वडूज, १७ डिसेंबर

शेताजवळ आलो तोच विहिरीकडून धो धो आवाज. फुटली! शाळूत पालथा पडलो. फौजेत हीच पोझिशन शिकवतात. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. थोड्या वेळाने पोटाखाली पाणी शिरलं. कोमट! मी ओरडलो.

डोळे उघडले तर बनुबाई, हातात फावडं, वाफ्यावाफ्यांत पाणी वळवत शाळूला दारं धरत होती. बैलांनी ओढलेली मोट विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात रिती झाल्याचा तो आवाज. मी गेलो त्याच दिवशी तिने ज्योतिबाला बोलावलं. गडी मिळेना, म्हणून दगड भरायला स्वतः तळात उतरली.

उटा, शाळू मोडतोय, म्हणाली. मग हळूच, म्यां बी लय भ्याले हुते. पर वर दोर धराया तुमी न्हवता.

लाज वाटली. फार वाटली. उठून फावडं मागितलं.

तिने दिलं नाही.