वरचं बटण

अहो,

तुमचं मनगटी घड्याळ टीव्हीजवळ ठेवलंय. इतकी वर्षं रोज सकाळी त्याला किल्ली मीच देत आले, तेव्हा तुम्हाला ठाऊक नसणार म्हणून लिहिते.

आधी मनगटावरून काढा, मगच दोन बटणांमधली किल्ली फिरवा. हाताला अडली की थांबा. पुढे दांडगाई केलीत तर आतलं काहीतरी तुटेल. माझ्यासारखं सोसत बसणार नाही ते. खालच्या बटणाने वेळ मोजायचा लांब काटा शून्यावर येतो, पण तो आधी थांबवायचा. पळत्या काट्यावर ते बटण दाबू नका. तो काटा सुरू करायचं वरचं बटण मात्र तुम्हाला शिकवायला नको. मी भाजीला जायला पायात चपला घातल्या की तेच दाबत आलात.

काल दवाखान्यात ताईला बघून आले, तर दारातच मनगट पुढे केलंत. ताई कशी आहे, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. तिला आज घरी सोडतायत. तिचं करायला कोणी नाही, म्हणून मी तिच्याकडे चाललेय. जेवण झाकून ठेवलंय. गरम करायला किती वेळ लागतो, तेही मोजून बघा.

निघताना वरचं बटण मीच दाबून जातेय, तुमचा घोळ नको. फक्त मिनिटांची ती छोटी तबकडी अर्धा तासच मोजते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भाजी आणायला तेवढी पुरायची. या वेळी पुरणार नाही.