सही मात्र करू नका, आप्पा

आप्पा,

आज माझी सकाळची ड्यूटी आहे, म्हणून तुम्हाला न उठवता निघाले. दुपारी नव्या मालकाचा माणूस येईल. "आजोबा, इथे फक्त एक सही" म्हणत घर सोडायचा कागद पुढे करेल. त्याला बसवा, चहा पाजा, पण सही मात्र करू नका. तुमचा भिडस्त स्वभाव मला ठाऊक आहे. दारावरच्या विक्रेत्याला नाही म्हणवेना म्हणून दुसरा मिक्सर घेतलात तुम्ही!

वकीलबाईंना मी विचारलंय. घर विकलं म्हणून आपला भाडेकरार मोडत नाही. मालक बदलला, एवढंच. मुदत संपेपर्यंत आपल्याला कोणी हलवू शकत नाही. त्याने आवाज चढवला तर सरळ सांगा, "सूनबाई घरी असताना या." मग बघते मी.

आणि एक. वरच्या मजल्यावरचे मालककाका घर विकून मुलाकडे गेले, त्यांच्याकडे असलेलं पाण्याच्या मोटरचं बटणही आता जिन्याखाली आलं. तरी तुम्ही रोज सकाळी झाडूच्या दांड्याने छत ठोकता. पूर्वी वरून काका ओरडायचे, "लावतो रे मोटर, माझं घर पाडशील!" आता ठोकून झालं की तुम्ही वर बघत थोडा वेळ तसेच उभे राहता. मी आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडते.

ठोकत जा, आप्पा. करार आहे तोवर ते छतही आपल्या हक्काचं आहे.

— सूनबाई