खूण नसलेला शिक्का

साकाता, ४ एप्रिल २००५

चि. कोसाकु यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू क्योटोला सुखरूप पोचलास हे तुझ्या बायकोने, रित्सुकोने, कार्ड टाकलं म्हणून कळलं. तुझ्या हातच्या दोन ओळी आल्या असत्या तर कंपनी काही बुडाली नसती. बाबांचं सातव्या वर्षाचं श्राद्ध चांगलं झालं, सगळे म्हणतात. मला मात्र तू पाच दिवस इथे असून नसल्यासारखा वाटलास. मोबाईल बंद करून ठेवलेला, आणि तुझ्या हाताखालच्या तोकिताचा घरच्या फोनवर तीनदा फोन आला, तर तिन्ही वेळा तू हातानेच मला खूण केलीस. तू अंघोळीला गेलायस असं मी त्याला तीनदा सांगितलं. एका दिवसात तीन अंघोळी करणारा साहेब म्हणून तो आता तुला ओळखत असेल.

देवळातला कागद मी कपाटात ठेवला आहे. थडग्याच्या देखभालीच्या त्या कागदावर तू एक पाय बुटात घालून सहीचा शिक्का मारलास, तो दोन्ही प्रतींवर उलटा उमटलाय. बाबांनी आयुष्यभर लोकांचे शिक्के कोरले, आणि त्यांच्या मुलाने आपल्याच नावाला शीर्षासन करायला लावलं. आपल्या दोघांच्या शिक्क्यांच्या दांड्यावर त्यांनी मुद्दामच वरची बाजू दाखवणारी खूण केली नव्हती. खूण असली की माणूस बोटाने चाचपतो आणि मारून मोकळा होतो, असं म्हणायचे. खूण नसली की आधी उलटा करून बघावं लागतं, आणि तेवढ्या वेळात काय करतोय ते डोक्यात येतं. विसरलास वाटतं.

आता खरी गोष्ट. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एकतीस तारखेला, तुमच्या सेंदाई शाखेचा माणूस आमच्या दुकानात चाळीस 'तोम्बो' गेमयंत्रं ठेवून गेला. आमच्याकडे महिन्याला तीन गेमयंत्रं खपली तरी हे त्या दिवशी साके जास्त घेतात. मग चाळीस कशाला? माझा पहिला संशय यांच्यावरच गेला, की कुणाच्या नादाने मागवून बसले. पण यांनी बाबांच्या तसबिरीपुढे हात जोडून सांगितलं की मागवलेले नाहीत. बिल नाही, नुसती पोच घेतली. खोके फोडू नका, पंधरा दिवसांत परत नेतो, असं सांगून मिठाईचा डबा देऊन गेला. फुकटच्या मिठाईला मी हात लावलेला नाही. माझं मिसो मुरवायचं पिंप त्या खोक्यांपायी न्हाणीघरात गेलंय. हा काय प्रकार आहे ते कळव.

तब्येतीला जप. माया आहेच, पत्राने ती वाढते एवढं लक्षात ठेव.

तुझी ताई
तामाए


क्योटो, १० एप्रिल

ती. ताईस,
कोसाकुचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. लहानपणी डब्यातल्या तांदळाच्या मोचीसुद्धा तू मोजून ठेवायचीस, तो स्वभाव अजून तसाच आहे. काळजीचं काही नाही. एकतीस मार्चला आमची तिमाही संपते आणि वर्षही. त्या दिवसापर्यंत जेवढा माल कंपनीच्या गोदामातून दुकानांत गेला, तेवढा विकला गेला असं धरून निकाल जाहीर होतात. यंदा तोम्बोला उठाव कमी होता, म्हणून शाखेने दुकानांकडे जरा आधी माल पाठवला असेल. सगळेच करतात. दाजींना त्रास झाला असेल तर माझ्या वतीने माफी माग.

एवढं कर, शेजारीपाजारी याची चर्चा करू नकोस. आणि फोनही नको. आम्ही कंपनीच्या घरांत राहतो, भिंती कागदाच्या, आणि वरच्या मजल्यावर आमच्या खातेप्रमुख कुरिमोतोंच्या बाई. त्यांनीच माझं लग्न जमवलं, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं ऐकण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटतं.

तोकिता कामाचंच काहीतरी विचारत असणार. पोरगा हुशार आहे पण फार प्रश्न विचारतो.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
कोसाकु


साकाता, १८ एप्रिल

चि. कोसाकु यास आशीर्वाद.

चर्चा करू नकोस असं लिहिलंस, तेव्हाच मी कान टवकारले. काळजीचं नसेल तर चर्चेला काय झालं?

तेरा तारखेला ट्रक आला आणि चाळीसच्या चाळीस खोके घेऊन गेला, एकाचीही चिकटपट्टी सुटलेली नाही. मग मी गप्प बसेन होय? दुकानदारांच्या बायकांचं दरवर्षीचं जेवण होतं, तिथे सहज विचारते असं दाखवून विचारलं. त्सुरुओकाच्या बाईकडे साठ आले होते, शिंजोच्या बाईकडे पस्तीस. सगळे परत गेले, आणि सगळ्यांना मिठाई तीच. म्हणजे तीन दुकानांत एकशे पस्तीस यंत्रं विकली गेली आणि घेतली एकानेही नाहीत. दिलेला माल परत न्यायचा आणि विकला म्हणून मिरवायचं, याला आमच्या बाजारात लबाडी म्हणतात. तुमच्याकडे वेगळा शब्द असेल.

तू त्याच विक्री खात्यात उपप्रमुख आहेस, म्हणून सरळ विचारते. या कामाच्या कुठल्या कागदावर तुझा शिक्का आहे का? नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा विषय काढणार नाही. असेल तर बाबांच्या नावाचा तो शिक्का आहे हे तुला मी सांगायला नको.

इथली थंडी अजून हटत नाही. उत्तर लवकर धाड. जीव टांगणीला लागला आहे, त्यातच माया समजून घे.

ताई


क्योटो, १४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, माफ कर. महिनाभर घरात कुणाला धड झोप नाही.

एप्रिलअखेर निकाल लागले. गेमयंत्रांची विक्री दीडपट झाली म्हणून आधी कौतुक झालं, शेअर वर गेला. आठवड्याने एका वर्तमानपत्राने परत येणाऱ्या ट्रकांचे फोटो छापले. मग बाहेरचे तपासनीस आले आणि सगळे कागद टेबलावर मांडले गेले. माल पाठवायच्या मंजुरीचा कागद एकोणतीस मार्चचा. खाली तीन शिक्के: कुरिमोतो, मी आणि तोकिता. होय ताई, माझा आहे. पण तो उलटा आहे.

आमच्याकडची जुनी रीत तुला माहीत नसेल. वरिष्ठांचा हुकूम मोडता येत नाही, आणि पटतही नाही, अशा वेळी माणूस शिक्का उलटा मारतो. तपासनिसांमधले म्हातारे गृहस्थ तो पाहून उभे राहिले आणि मला म्हणाले की एवढ्या मोठ्या खात्यात एकाच माणसाला कणा होता. कुरिमोतो गेले. त्यांची खुर्ची जूनपासून मला द्यायचं ठरतंय. रित्सुकोला रडू आवरेना. तोकिताचा शिक्का मात्र सुलटा, रीतीप्रमाणे वरिष्ठाला वाकून नमस्कार केल्यासारखा माझ्या शिक्क्याकडे थोडा झुकलेला. त्याला काढणार असं दिसतं. वाईट वाटतं, पण कागद बोलतो, आपण काय करणार?

तर तू विचारलंस त्याचं उत्तर हे. मला ते पटलं नव्हतं.

जाता जाता एक काम. देवळातला तो कागद मला पाठवून दे. चुकून उलटा पडलाय, बरं दिसत नाही, दुसरा नीट करून देतो. घाई नाही, पण या आठवड्यात टाकलास तर बरं. देवळातल्या प्रतीचंही मी बघतो.

दाजींची कंबर कशी आहे? लोभ असाच ठेव, आता मला त्याची गरज आहे.

कोसाकु


साकाता, १९ मे

चि. कोसाकु,

आशीर्वाद दर पत्रात असतात, आज शेवटी लिहीन.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे खूश झाले, तुझ्या नावाने साके काढली. मी स्वयंपाकघरात जाऊन परत वाचलं. घाई नाही, पण याच आठवड्यात. सहा वर्षं त्या देवळाकडे ढुंकून न पाहणाऱ्या माणसाला एकदम तिथल्या कागदाची काळजी?

एकोणतीस मार्चला तू कुठे होतास, कोसाकु? माझ्या घरात मुगिकिरीच्या शेवयांचे दोन वाडगे खात होतास. पंचवीसला आलास, तीसला गेलास, आणि शिक्का तुझ्या खिशात होता. मग एकोणतीसच्या कागदावर तो उमटला कसा? तिकडून इकडे यायला निघताना कुरिमोतोंनी कोरा कागद पुढे केला असणार, आणि तू गाडी चुकेल म्हणून न बघता ठोकून मोकळा झालास. देवळात ठोकलास तसाच. तो विरोध नव्हता रे, ती घाई होती.

आणि त्या तीन फोनांचं काय? तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. तिसऱ्या वेळी तो पोरगा मला म्हणाला होता की एका कागदावर शिक्का मारायचं त्याच्या मनात नाही, साहेबांनी फक्त मारू नको एवढं म्हटलं तरी तो मारणार नाही. आणि मी त्याला तू अंघोळीला गेलायस म्हणून सांगितलं. खोटं मी बोलले, तुझ्यासाठी.

कागद पाठवणार नाही. कुणाला दाखवणारही नाही, धमकी समजू नकोस. बाबांच्या तसबिरीमागे ठेवलाय. लबाडी करणारा माझा भाऊ आहे यापेक्षा लबाडीवर खुर्ची घेणारा माझा भाऊ आहे, हे मला जास्त लागेल.

आशीर्वाद आहेत. पुढच्या पत्रापर्यंत पुरतील एवढे.

तामाए


क्योटो, ३० मे

ती. ताईस,
कोसाकुचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो. चौथ्या दिवशी तोकिताला गाठलं आणि मनात नसताना तू शिक्का का मारलास असं विचारलं. तो म्हणाला की माझा उलटा शिक्का पाहून त्याला वाटलं, साहेबांना पटलेलं नाही तरी ते मारतात, मग आपण कोण. त्यानंतर मला घरी बसवेना.

तपासनिसांकडे जाऊन सगळं सांगितलं. कोरा कागद, गाडीची घाई, फोन टाळले तेही. ताई, त्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हातारेबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. हाताखालच्या माणसाला वाचवायला मी खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं. आधी एका खुर्चीचं बोलत होते, आता त्याहून मोठ्या खुर्चीचं बोलतात. खरं बोलायला मला आता साक्षीदार लागतो.

तो कागद पाठव. या वेळी खरोखर घाई आहे, तोकिताचं शुक्रवारी ठरणार.

तुझा
कोसाकु


साकाता, १ जून

चि. कोसाकु यास अनेक आशीर्वाद.

कागद सोबत आहे. देवळातूनही दुसरी प्रत आणली आणि जोडली, कुणी म्हणायला नको की मी मागाहून बनवली. तू पंचवीस ते तीस इथेच होतास, आणि फोनवर खोटं मी बोलले, असं वेगळ्या कागदावर लिहून बाबांनी कोरलेला माझा माहेरचा शिक्का मारलाय. पोस्टातली बाई म्हणाली की शिक्का मारायला एवढा वेळ लावणारी बाई तिने पाहिली नाही.

मायेने,
ताई


माइझुरू, ११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता बदललेला दिसेल. तोकिता राहिला. मला इथल्या बंदरावरच्या गोदामात पाठवलं. पगार निम्मा, कंपनीचं घर गेलं, रित्सुको माहेरी आहे आणि पत्रांना उत्तर देत नाही. तोकिताही अजून माझ्याशी बोलत नाही. ते बरोबरच आहे. तुला बरं वाटावं म्हणून गोड करून लिहिणार नाही.

खिडकीतून समुद्र दिसतो, तुमचाच, साकाताला लागतो तोच. काम सोपं आहे. ट्रकमध्ये जेवढे खोके खरोखर चढले, तेवढ्यांच्या पावतीवर शिक्का मारायचा. दिवसाला साठ-सत्तर पावत्या होतात. प्रत्येक वेळी मी शिक्का उलटा करून बघतो, मग खोक्यांकडे बघतो, मग मारतो. मागे गाड्यांची रांग लागते, ट्रकवाले हॉर्न वाजवतात, कुणी कुणी शिव्याही घालतात. मी वाजवू देतो.

दाजींना नमस्कार. मिसोचं पिंप जागेवर गेलं का ते कळव. रागाने का होईना, पण पत्र लिहीत राहा.

तुझा
कोसाकु

ता. क. खाली शिक्का मारला आहे. बघून मारला आहे.