‘डिटेस्ट’चं वाक्य

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज जे घडलं ते तुलाच सांगावंसं वाटतंय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, म्हणून लिहवतंय तरी. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत मी दर मंगळवारी इंग्लिश शिकवते. येतात ते बहुतेक चिनी आजी-आजोबा, मुलांकडे नातवंडं सांभाळायला आलेले. आज शब्द होता ‘डिटेस्ट’. नुसतं आवडत नाही असं नव्हे, अगदी तिटकारा असेल तेव्हा वापरायचा, असं मी समजावलं. पण कुणी कशाला नावं ठेवील तर शपथ. एक आजोबा म्हणाले, ‘आय डिटेस्ट, लिटल बिट, कोल्ड मिल्क.’ मी म्हटलं, लिटल बिट चालणार नाही, खरं काहीतरी सांगा. तेव्हा कधीच तोंड न उघडणाऱ्या एक आजी हळूच म्हणाल्या, ‘आय डिटेस्ट माय डॉटर्स हाउस.’

आणि मला काय अवदसा आठवली बघ. त्यांच्याकडून पहिल्यांदाच पूर्ण वाक्य आलं म्हणून मी हरखले, आणि तू शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घ्यायचीस तशी म्हणाले, ‘व्हेरी गुड, एव्हरीबडी रिपीट.’ सगळा वर्ग एका सुरात ते वाक्य म्हणाला. आजींची मुलगी त्यांना न्यायला आली होती, दारातच उभी होती. आजी मान खाली घालून पिशवी आवरत राहिल्या. मुलगी जाताना मला म्हणाली, ‘थँक यू फॉर टीचिंग हर.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसले आणि तू आठवलीस. लेक तान्ही होती तेव्हा तू सहा महिने आमच्याकडे राहिलीस. काहीही विचारलं की ‘छान आहे, चालेल गं.’ एका दुपारी मी ऑफिसमधून लवकर येते, तर तू तिला मांडीवर घेऊन बाहेर जिन्यात बसली आहेस, अंगात माझा जाडा कोट, नजर रस्त्यावर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी म्हणते, ‘थंडी आहे, आत चल.’ तू मुकाट्याने येतेस. त्या रात्री जेवणानंतर नवरा मला म्हणाला, ‘आईंना इथे करमत नाहीये, विचार ना एकदा.’ विचारते म्हटलं.

विचारलं नाही. विसरले, असं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. तू खरं बोलली असतीस तर तुला परत पाठवावं लागलं असतं, आणि मला बाळाजवळ माणूस हवं होतं.